टाकीपासून नोझलपर्यंत

१ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या दुचाकी गॅरेजांतलं एक जुनं काम आटायला लागलं. कार्ब्युरेटर खोलायचा, पेट्रोलमध्ये धुवायचा, जेटमध्ये हवा मारायची, स्क्रू अर्धा फेरा मागेपुढे करून आयडलिंग लावायचं, यातलं काहीच नव्या स्कूटरला लागत नाही. तिच्या टाकीत विजेचा पंप बुडालेला असतो, इंजिनाच्या तोंडाशी इंजेक्टर असतो आणि किती पेट्रोल सोडायचं हे एक छोटा संगणक ठरवतो. जे काम मेकॅनिकचा कान करत होता ते आता सेन्सर करतो.

विमानाच्या पिस्टन इंजिनांनी ही वाट फार आधी धरली होती, आणि तीही धुराची काळजी म्हणून नव्हे. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात स्पिटफायर आणि हरिकेन लढत होती, तेव्हा त्यांच्या मर्लिन इंजिनांना कार्ब्युरेटर होता. वैमानिकाने नाक झपकन खाली दाबलं की फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन ऐन लढाईत गुदमरायचं. समोरच्या मेसरश्मिट १०९ मध्ये डाइमलर-बेंझचं इंजेक्शनवालं इंजिन होतं. तो वैमानिक खुशाल नाक दाबून निसटून जायचा. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या अभियंत्या बिअ‍ॅट्रिस शिलिंग यांनी १९४१ मध्ये यावर तोडगा काढला: इंधनाच्या वाटेत मध्ये भोक असलेली एक छोटी चकती. पेट्रोलचा पूर रोखला गेला आणि कार्ब्युरेटर न बदलता वेळ निभावली. मोठ्या संशोधनाच्या गप्पा मारणाऱ्यांनी या चकतीकडे एकदा जरूर बघावं.

ठाण्यातल्या माणसाला मात्र इंजेक्शनचं महत्त्व लढाईपेक्षा जुलैच्या हवेतून लवकर पटेल. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि अरुंद घशात हवेचा दाबही उतरतो. या दोन्ही गोष्टींमुळे आतलं तापमान वीस अंश किंवा त्याहूनही जास्त घसरू शकतं. हवेत बाष्प भरपूर असेल तर ते थ्रॉटलच्या झडपेवर बर्फ होऊन बसतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. हे फक्त थंड मुलखात होतं असा समज आहे. प्रत्यक्षात दमट हवेत, इंजिन मंद ठेवून उतरताना, बाहेर तिशीच्या घरात तापमान असतानाही बर्फ धरू शकतो. इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरच्या इनटेकपाशी सोडलं जातं, तिथे सगळं तापलेलं असतं. त्यामुळे बर्फाची ही कटकट जवळजवळ संपते.

ती संपते आणि दुसरी सुरू होते. कार्ब्युरेटरला पेट्रोल कसंही आलं तरी चालतं, अर्धा पीएसआय दाब असला तरी पुरे. इंजेक्शनला ते दाबाने, गाळून आणि बुडबुड्याविना हवं असतं. ही जबाबदारी नळ्यांवर येते आणि होमबिल्ट, म्हणजे घरी बांधलेल्या विमानात नळ्या बसवणारा माणूस म्हणजे ते विमान बांधणारा स्वतः.

मुंबई परिसरात घरी बांधलेलं विमान म्हटलं की एकच नाव पुढे येतं, कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीच्या चारकोपमध्ये, लिफ्ट नसलेल्या पाच मजली इमारतीच्या गच्चीवर, ताडपत्रीच्या आडोशाला त्यांनी सहा आसनांचं विमान उभं केलं. लेथ, काँप्रेसर, वेल्डिंगचं यंत्र आणि परदेशातून मागवलेलं सुमारे १८० किलोचं इंजिन, सगळं अरुंद जिन्याने वर गेलं. २०१६ च्या फेब्रुवारीत बीकेसीला ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा हे विमान सुटं करून गच्चीवरून उतरवलं आणि लोकांना दाखवलं. नोंदणी मिळायला २०१९ उजाडलं. व्हीटी-एनएमडी ही त्याची खूण. पुढच्या वर्षी ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं. त्याआधी, २०१८ मध्ये, राज्य सरकारशी त्यांच्या कंपनीचा पालघरमध्ये विमानं बांधण्याचा करार झाला होता. पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, तेव्हा ठाणेकरांनी या गोष्टीवर थोडा हक्क सांगायला हरकत नाही.

त्या जिन्यावरून वर गेलेलं इंजिन हाच या प्रकरणाचा मुद्दा आहे. घरी विमान बांधणारा माणूस पंख ठोकतो, सांगाडा जोडतो, वायरिंग ओढतो. इंजिन मात्र सहसा कारखान्यातून तयार येतं. लायकमिंगचं आयओ-३६० घेतलं तर खोक्यात पंप, मीटरिंगचं यंत्र, वाटणी करणारी झडप आणि चार नोझल बसवलेलेच मिळतात. त्यांची चाचणी कारखान्याने घेतलेली असते. टाकीपासून त्या पंपाच्या तोंडापर्यंतची वाट मात्र कुणी देत नाही. ती प्रत्येक विमानात थोडी वेगळी असते आणि तिची चाचणी कुणीच आधी घेतलेली नसते.

डोंबिवलीच्या कुठल्याही सोसायटीत राहणाऱ्याला या वाटेतला मूळ प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपोआप खाली येतं. तळाच्या टाकीतलं वर न्यायला पंप लागतो, आणि त्या पंपाच्या ओढीच्या नळीत कुठे हवा शिरली की तो नुसता घरघरतो. वरच्या पंखाचं, कार्ब्युरेटरवालं सेसना पहिल्या प्रकारचं. टाक्या पंखात, इंजिन खाली, पेट्रोल वजनानेच उतरतं. जगभरात दहा हजारांहून अधिक उडालेली व्हॅन्स कंपनीची आरव्ही मालिकेतली बहुतेक होमबिल्ट विमानं दुसऱ्या प्रकारची. पंख खाली, टाक्या पंखात, इंजिन वर.

ओढीच्या नळीत दाब वातावरणापेक्षा कमी होतो. कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं. नळी तापलेल्या इंजिनाच्या खोलीतून जात असेल, वर एखादा काटकोनी एल्बो आणि अर्धवट तुंबलेली गाळणी असेल, तर पेट्रोलचे बुडबुडे पंपापर्यंत पोचतात आणि पंप वाफ ढकलत बसतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या डांबरावर उभ्या केलेल्या विमानाला हा धोका सर्वात जास्त. उपाय जुना आणि साधा: विजेचा बूस्टर पंप शक्य तितका खाली आणि टाकीजवळ बसवायचा, म्हणजे पुढची सगळी नळी ओढीची न राहता ढकलण्याची होते. ढकललेलं पेट्रोल सहजी उकळत नाही. अनुभवी बांधणारे सगळ्यात जास्त वेळ याच निर्णयावर घालवतात, आणि घालवायलाच हवा.

वाट साधारण अशी असते. टाकीच्या तळाशी जाळीदार बोट, त्यातून नळी सिलेक्टर कॉकला. कॉकला डावी टाकी, उजवी टाकी आणि बंद अशा तीन जागा. दोन्ही टाक्या एकदम ही सोय खालच्या पंखाच्या विमानात मुद्दाम ठेवत नाहीत, कारण एक टाकी आधी रिकामी झाली तर पंप दुसरीतलं पेट्रोल ओढायचं सोडून पहिलीतली हवा ओढतो. कॉकनंतर फिल्टर, मग बूस्टर पंप, मग फायरवॉल. फायरवॉल म्हणजे प्रवासी आणि इंजिन यांच्यामधला स्टेनलेस स्टीलचा पत्रा. त्यातून पलीकडे गेलं की इंजिनावरचा पंप, आणि त्यातून साधारण पंचवीस पीएसआय दाबाने पेट्रोल मीटरिंगच्या यंत्राकडे जातं.

बेंडिक्सच्या आरएसए मालिकेचं हे यंत्र एक गंमतच आहे. त्याला वीज लागत नाही. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब दोन ठिकाणी मोजून तो फरक एका पातळ पडद्यावर सोपवायचा, आणि पडदा जितका हलेल तितकी पेट्रोलची झडप उघडायची, एवढीच कल्पना. हवा जास्त तर पेट्रोल जास्त. बॅटरी मेली, अल्टरनेटर जळाला, तरी इंजिन आपल्या पंपाने आणि या पडद्याने चालू राहतं. शिवाय स्कूटरचा इंजेक्टर दर फेऱ्याला उघडतो-मिटतो. विमानाच्या या पद्धतीत नोझलमधून पेट्रोलची धार अखंड वाहत असते. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टर तयार होतात, त्यांच्यात दाब हजार बारच्या पुढे जातो. त्या तुलनेत पंचवीस पीएसआय म्हणजे खेळ वाटेल. पण डिझेलच्या त्या दाबाचं सगळं काम कारखान्यातच झालेलं असतं आणि विमानाच्या पंचवीस पीएसआयच्या नळीचा नट घरच्या पान्याने आवळलेला असतो.

मीटरिंगनंतर पेट्रोल इंजिनाच्या डोक्यावरच्या झडपेत येतं. मधून चार पाय फुटलेले, म्हणून मेकॅनिक तिला स्पायडर म्हणतात. त्या चार बारीक स्टीलच्या नळ्या चार नोझलपर्यंत जातात. नोझलचं भोक साधारण ०.७ मिलिमीटर. २०० अश्वशक्तीचं इंजिन उड्डाणाच्या वेळी तासाला पासष्ट लिटरच्या आसपास पितं, म्हणजे प्रत्येक भोकातून सेकंदाला जेमतेम साडेचार मिलिलिटर. एवढ्याशा धारेवर विमान हवेत असतं.

आता त्या भोकात टेफ्लॉन टेपचा एक धागा अडकला तर?

टेफ्लॉन टेप आपल्याकडच्या प्रत्येक प्लंबरच्या खिशात असते आणि नळ गळत असला तर तो दोन वेढे जास्तच मारतो. विमानाच्या इंधनव्यवस्थेत ती टेप वर्ज्य. पान्याने आवळताना तिची कड कापली जाते, तुकडा आत जातो, गाळणीच्या पलीकडे जोड असेल तर तो सरळ नोझलपर्यंत वाहतो. तिथे अडकल्यावर जे होतं ते फसवं असतं. मीटरिंगचं यंत्र एकूण पेट्रोल मोजतं, सिलिंडरनिहाय नाही. एका नोझलने वाट अडवली की उरलेलं पेट्रोल बाकी तिघांत जातं. एक सिलिंडर कोरडा पडून तापतो, तिघे ओले होतात. त्यावर कडी म्हणजे, अनेक जुन्या विमानांतला फ्लोचा काटा प्रत्यक्षात स्पायडरमधला दाब मोजतो. भोक तुंबलं की दाब वाढतो आणि काटा सांगतो की पेट्रोल जास्त जातंय. काट्यावर विश्वास ठेवून वैमानिक मिश्रण आणखी पातळ करतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळा एक्झॉस्ट तापमापक लावायचा खर्च बांधणारे का करतात, ते इथे कळतं.

पाइपच्या चुडीदार टोकांना टेपऐवजी इंधनात न विरघळणारं पेस्टसारखं सीलंट लावतात, तेही पहिला आटा सोडून. बाकी बहुतेक जोड चुडीवर अवलंबूनच नसतात. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचं टोक कर्ण्यासारखं पसरवून ते शंकूच्या आकाराच्या फिटिंगवर बसवायचं आणि मागून नट आवळायचा. धातूवर धातू घट्ट बसतो, मध्ये वायसर नाही. या पसरलेल्या टोकाला फ्लेअर म्हणतात आणि त्याच्या कोनात सगळी मेख आहे. विमानात तो ३७ अंशांचा असतो. गाड्यांच्या ब्रेकपासून एसीच्या तांब्याच्या नळ्यांपर्यंत बाजारात ४५ अंशांची हत्यारं सर्रास मिळतात. ४५ चं टोक ३७ च्या शंकूवर पहिल्या दिवशी बसलेलं दिसतं, गळतही नाही. इंजिनाच्या थरथरीने ते हळूहळू चिरतं. म्हणून फ्लेअरिंगचं हत्यार दुकानातून उचलताना त्यावरचा आकडा वाचणं हे काम बाकी कुणावर सोपवू नये.

नळीचे आकार सोळांशात मोजतात. सहा नंबरची म्हणजे सहा सोळांश, तीन अष्टमांश इंच. टाकीपासून इंजिनापर्यंत बहुधा हीच. वाकवताना ती चपटी झाली तर फेकून नवी घ्यायची, ठोकून गोल करायची नाही. जिथे पत्रा ओलांडते तिथे रबरी ग्रोमेट, दर काही इंचांवर गादीदार क्लॅम्प. हे सगळं कंटाळवाणं आहे आणि फोटोत दिसत नाही. नळी कापल्यावर आत राहिलेला अ‍ॅल्युमिनियमचा कीस धुऊन काढणं त्याहून कंटाळवाणं. तरी मीटरिंगचं यंत्र जोडायच्या आधी बूस्टर पंप चालवून बादलीत भरपूर पेट्रोल सोडायचं, फडक्यावर गाळायचं आणि फडकं कोरं निघेपर्यंत पुन्हा सोडायचं, हा नियम कुणी मोडू नये.

फायरवॉलच्या पलीकडे नियम अजून कडक. तिथल्या फिटिंग स्टीलच्या, कारण आगीत अ‍ॅल्युमिनियम लगेच वितळतं. इंजिन थरथरतं म्हणून तिथे ताठ नळ्या चालत नाहीत, टेफ्लॉनच्या आतड्याचे लवचीक होज लागतात आणि त्यांच्यावर जाड नारिंगी सिलिकॉनचं कवच चढवतात. अग्निरोधक होजची कसोटी ठरलेली आहे: सुमारे ११०० अंश सेल्सिअसच्या ज्वाळेत पाच मिनिटं टिकला पाहिजे. आग लागल्यापासून कॉक बंद करून विमान खाली आणायला वैमानिकाला या पाच मिनिटांचाच आधार.

कॉक कुठे बसवावा यावरून एक प्रसिद्ध माणूस गेला. १२ ऑक्टोबर १९९७ ला अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात माँटेरेहून आपल्या लाँग-ईझी या होमबिल्ट विमानातून एकटा उडाला. ते विमान त्याने बांधलं नव्हतं, नुकतंच विकत घेतलं होतं. बर्ट रूटान यांच्या मूळ आराखड्यात सिलेक्टर कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये, डोळ्यासमोर होता. बांधणाऱ्याला पेट्रोलच्या नळ्या कॉकपिटमध्ये नको होत्या, म्हणून त्याने कॉक मागे, डाव्या खांद्याच्या पाठीमागे नेला. विचार सुरक्षेचाच होता. पण आता तो फिरवायला वैमानिकाला मान आणि कंबर मागे वळवावी लागे. मूठ हाताला येत नाही याची चर्चा उड्डाणापूर्वी मेकॅनिकशी झाली होती. पकडीचा पान्हा लावून मूठ लांब करायचा प्रयत्नही झाला, तो जमला नाही. तिथे पेट्रोल भरायचं डेन्व्हरने टाळलं. हवेत टाकी बदलायला तो वळला असावा, त्या धडपडीत विमानावरचा ताबा गेला आणि ते समुद्रात कोसळलं. चौकशीत कॉकची जागा, त्यावर खुणा नसणं आणि टाकीतलं कमी पेट्रोल, या सगळ्यांवर बोट ठेवलं गेलं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये होमबिल्ट विमानांच्या अपघातांचा सविस्तर अभ्यास छापला. इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं ही दोन कारणं त्यात ठळक होती. मंडळाने केलेल्या शिफारशींत एक सरळ या प्रकरणाच्या विषयाची आहे: पहिल्या उड्डाणाआधी इंधनव्यवस्थेची चालवून चाचणी घ्या आणि तिची नोंद ठेवा.

ही चाचणी खर्चिक नाही. पंपावर चालणाऱ्या व्यवस्थेत उड्डाणाच्या वेळी लागणाऱ्या प्रवाहाच्या सव्वापट पेट्रोल मिळालं पाहिजे, नुसत्या उतारावर चालणाऱ्यात दीडपट. पासष्ट लिटरच्या इंजिनाला म्हणजे तासाला ऐंशीच्या वर. तेही विमान सपाट ठेवून नव्हे. शेपूट खाली टेकवून नाक चढाईच्या कोनात उचलायचं, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवायचं आणि मग घड्याळ लावून बादली भरायची. सपाटीवर पास होणारी व्यवस्था या कोनात कधी कधी नापास होते. टाकीतलं बोट हवेत उघडं पडतं, किंवा टाकीचं व्हेंट नीट श्वास घेत नाही आणि टाकीत पोकळी धरते.

दुसरी चाचणी बघण्यासारखी असते. चारही नोझल इंजिनावरून काढून नळ्यांसकट चार सारख्या काचेच्या बरण्यांत सोडतात. थ्रॉटल पूर्ण उघडा, मिश्रण पूर्ण, मग बूस्टर पंपाचं बटण. निळसर पेट्रोलच्या चार धारा एकदम सुरू होतात. थोड्या वेळाने पंप बंद करून बरण्या शेजारी-शेजारी ठेवायच्या. चौथी बोटभर कमी भरली असेल तर नोझल आपसात बदलून पुन्हा करायचं. कमतरता नोझलबरोबर सरकली तर दोष नोझलचा, त्याच नळीवर राहिली तर नळीचा किंवा स्पायडरचा. संगणकाशिवाय, दहा मिनिटांत निकाल. अर्थात अग्निशामक जवळ, मोबाइल लांब आणि विमान जमिनीला तारेने जोडलेलं, हे धरूनच.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन घेणाऱ्यांची संख्या आता वाढते आहे, स्कूटरसारखंच, साधारण चाळीस पीएसआयवर चालणारं. त्यात सुरुवात सोपी होते, गरम इंजिन पटकन पेटतं. पण वीज गेली की सगळं गेलं, म्हणून दोन बॅटऱ्या, दोन पंप. शिवाय नळीही एकाच्या दोन होतात, कारण न वापरलेलं पेट्रोल सतत टाकीत परत पाठवावं लागतं. ते ज्या टाकीतून आलं तिच्यातच जायला हवं. नाहीतर उजव्या टाकीतून उडताना परतीचं पेट्रोल भरलेल्या डाव्या टाकीत जातं आणि व्हेंटमधून बाहेर सांडतं. कारखान्यात बनलेल्या जुन्या बोनान्झा विमानांतही काही मॉडेलांत परतीची नळी एकाच टाकीला होती, आणि वैमानिकाला आधी डावी टाकी वापरायची सवय लावून घ्यावी लागे.

राहिला प्रश्न या नळ्यांतून वाहायचं काय. विमानाचं पेट्रोल, म्हणजे एव्हगॅस १०० एलएल, भारतात वर्षानुवर्षं आयात होत होतं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इंडियन ऑइलने बडोद्याच्या रिफायनरीत तयार केलेलं देशी एव्हगॅस बाजारात आणलं. ते घोडबंदर रोडच्या पंपावर मिळत नाही. तिथे मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात शोषायला पाणी कमी नाही. प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी, नेमके त्या जाळीदार बोटापाशी बसतात. शिवाय टाकीचं जुनं सीलंट आणि काही प्रकारचं रबर त्याने फुगतं. एव्हगॅससाठी बांधलेल्या व्यवस्थेत पंपावरचं पेट्रोल भरायचा मोह झाला, तर आधी ओरिंगपासून होजपर्यंत प्रत्येक रबरी भागाचं मटेरियल तपासावं लागतं, आणि प्रवाहाच्या चाचण्या नव्या पेट्रोलवर, तापलेल्या टाकीने, पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात.